वालधुनीकाठची आगगाडी

रेल्वे कंपनीला अंबरनाथशी काही देणंघेणं नव्हतं. बदलापूरशीही नव्हतं, आणि उल्हासनगर तर तेव्हा जन्मालाच यायचं होतं. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची जीआयपी, हिची नजर घाटावर होती. देशावरचा, वऱ्हाड-खानदेशचा कापूस मुंबई बंदरात आणायचा, तिथून तो लँकेशायरच्या गिरण्यांकडे रवाना करायचा आणि परतीच्या वाघिणींत तिकडचं कापड भरून आत पाठवायचं, असा सरळ हिशेब होता. १६ एप्रिल १८५३ ला बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली. एकवीस तोफांची सलामी झाली, चौदा डब्यांत चारशे पाहुणे बसले. पण चीफ इंजिनियर जेम्स बर्कलीच्या नकाशावर हे चौतीस किलोमीटर म्हणजे नुसता श्रीगणेशा होता. १ मे १८५४ ला गाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणला पोचली. तिथे रुळांना दोन फाटे फुटले. एक कसाऱ्याच्या बाजूने थळ घाटाकडे गेला, दुसरा आग्नेयेला बोरघाटाकडे. हा दुसरा फाटा १२ मे १८५६ ला खोपोलीपर्यंत सुरू झाला. वाटेत त्याने आठशे वर्षांच्या एका काळ्या दगडी देवळाला डाव्या हाताला टाकलं आणि तो पुढे निघून गेला.

देऊळ शंकराचं, वालधुनी नदीच्या काठावरचं. उत्तर कोकणच्या शिलाहारांनी बांधलेलं. तिथल्या शिलालेखात शके ९८२, म्हणजे इ. स. १०६०, असा काळ आहे आणि मामवाणी राजाचं नाव आहे. देवळाच्या बाहेरच्या भिंतीवर बोटभरही जागा कोरी सोडलेली नाही. गाभाऱ्यात जायचं तर वीसेक पायऱ्या खाली उतरावं लागतं. खाली ओल, गारवा, पिंड. वर मान करून पाहिलं तर छपराऐवजी आभाळ. एवढं मोठं काम कुणी आडरानात करत नाही. कल्याण हे जुनं बंदर, घाटमाथ्यावरचा माल उतरायचा तो याच टापूतून. बैलांचे तांडे, व्यापारी, यात्रेकरू यांची वाट जवळून जात असणार, म्हणून देऊळ इथे. रस्ता आधी आणि देऊळ मग, हा क्रम आपल्याकडे फार जुना आहे. पण बंदराचा बहर ओसरला, वाट मोडली आणि देऊळ झाडीत पडून राहिलं. शिवरात्रीला आसपासच्या गावांची जत्रा भरायची, तेवढीच काय ती वर्दळ.

जगाच्या नजरेत हे देऊळ पुन्हा आलं ते रूळ पडल्यानंतर. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी इथला शिलालेख वाचला. त्यांनी शक ७८२ असा वाचला होता. नंतरच्या अभ्यासकांनी तो ९८२ ठरवला. एका आकड्यात दोनशे वर्षं इकडची तिकडे झाली! १८६८ साली मुंबईच्या स्कूल ऑफ आर्टची मंडळी सरकारी खर्चाने इथे आली. त्यांनी चित्रं काढली, फोटो घेतले, शिल्पांचे प्लास्टरचे ठसे उचलले. पुढे ही चित्रं ‘इंडियन अँटिक्वेरी’त छापून आली. मुंबईहून कॅमेरे, काचा, प्लास्टरची पोती घेऊन इथवर यायचं आणि ठसे न फोडता परत न्यायचे, हे बैलगाडीच्या जमान्यात कितपत जमलं असतं याची मला शंका आहे. रेल्वेने देवळाकडे पाठ फिरवली खरी, पण देवळाला पहिले अभ्यासक मिळाले ते रेल्वेच्या काळात.

रूळ नेमके इथूनच का गेले? इंजिनाला चढ सोसत नाही, म्हणून. कल्याणपासून कर्जतपर्यंत उल्हास नदीचं खोरं जवळजवळ सपाट आहे, घाट येतो तो एकदम पुढे. बर्कलीने नदीचा काठ धरला, आणि नदी जशी वळते तसे रूळही ठिकठिकाणी तिच्या अंगालगत वळले. त्याची किंमत दीडशे वर्षांनी द्यावी लागणार होती. ते पुढे येईलच.

खोपोलीला १८५६ मध्ये गाडी पोचली, पण घाट अजून फुटायचा होता. दोन वर्षांनी, १८५८ च्या जूनमध्ये, वर खंडाळ्याहून पुण्याची गाडी सुरू झाली. मधला घाट मात्र माणसाच्या खांद्यावर. मुंबईहून निघालेला उतारू खोपोलीला उतरायचा, पालखी नाहीतर तट्टू ठरवायचा, ऐपत नसली तर बोचकं डोक्यावर घेऊन पायी चढायचा आणि खंडाळ्याला दुसऱ्या गाडीत बसायचा. १८६३ पर्यंत हा प्रकार चालला. दरम्यान बोगद्यांत आणि दऱ्यांवर हजारो मजूर खपत होते. मजुरी थकली म्हणून १८५९ च्या आरंभी त्यांनी दंगा केला, ठेकेदार फॅविएलने काम सोडलं. नवा ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल विलायतेहून आला आणि काही आठवड्यांतच दगावला. मग त्याच्या बायकोने, अ‍ॅलिस ट्रेडवेलने, ठेका आपल्या नावावर पुढे चालवला. कॉलऱ्याने मजूर किती गेले त्याची मोजदाद कुणी धड ठेवली नाही. २१ एप्रिल १८६३ ला घाट खुला झाला. त्याबरोबर पनवेलचा रस्ता मागे पडला. आधी मुंबईहून मचव्याने पनवेल, तिथून गव्हर्नर माल्कमसाहेबाने १८३० साली खुल्या केलेल्या घाटरस्त्याने पुणे, असा प्रवास असे. त्या वाटेवरच्या धर्मशाळा, बैल बदलण्याची ठाणी, खानावळी यांची रया गेली, आणि कल्याण-कर्जत पट्टा, जिथे भाताची खाचरं आणि साग-ऐनाचं रान सोडून काही नव्हतं, तो एकदम मुंबईच्या दारात आला.

दारात आला म्हणजे काय झालं? आधी बाहेर गेलं ते गवत, सरपण आणि कोळसा. मुंबईत घोडे होते, तबेले होते, लाखो चुली होत्या. ठाकूर-कातकऱ्यांच्या रानातलं लाकूड स्टेशनावर रचलं जाऊ लागलं. रान उतरत गेलं, व्यापाऱ्याचा गल्ला भरत गेला, तोडणाऱ्याच्या हाती मजुरी पडली. बदलापूरची गंमत अशी की मूळ गाव नदीच्या अंगाला आणि स्टेशन कुळगावच्या हद्दीत. पाटी मात्र बदलापूरची लागली. इथे पूर्वी वाटसरू घोडे बदलत, अशी एक आख्यायिका सांगतात. घोड्यांची खरीखोटी कथा असेल ती असो, आगगाडीने मात्र गावाचा मध्यच बदलला. आज नगरपरिषदेचं नाव कुळगाव-बदलापूर आहे, आणि ‘गावात जातो’ म्हणजे रिक्षाने पश्चिमेला दूर जायचं.

इंजिनाला कोळशाइतकंच पाणी लागतं. कंपनीने अंबरनाथजवळ काकोळ्याला वालधुनीच्या मुळाशीच बांध घातला. त्याला लोक अजून जीआयपी टँक म्हणतात. ज्या नदीकाठी शिलाहारांनी गाभारा खोदला, त्याच नदीचं पाणी नळांतून इंजिनांच्या पोटात जाऊ लागलं.

मग घड्याळ. १८७० च्या सुमारापासून देशातल्या रेल्वे मद्रासची वेळ पाळू लागल्या. मुंबईची वेळ तिच्या अर्धा तास मागे. म्हणजे स्टेशनच्या घड्याळात नऊ वाजले की गावात साडेआठ. पण आमच्या पट्ट्यात गावाकडे कुठे घड्याळ होतं? कोंबडा, सूर्य, कासरा, प्रहर यांवर चालणाऱ्या माणसाला मिनिटांची ओळख झाली ती गाडी चुकल्यावर. १९०६ पासून सगळीकडे एकच प्रमाणवेळ आली, तरी मुंबईत काहींनी ‘बॉम्बे टाइम’चा हट्ट १९५० च्या दशकापर्यंत सोडला नाही. आज बदलापूरची बाई ‘सव्वासातच्या सुमाराला निघते’ असं म्हणत नाही. ती सात-एकोणीस म्हणते, आणि त्या एका मिनिटासाठी जिन्यावर पळते.

गाडीने जात मोडली, असं पूर्वीचे सुधारक मोठ्या आशेने म्हणत. तिसऱ्या वर्गाच्या बाकावर कोण कुणाला खेटून बसलं हे तिकीटबाबू विचारत नसे, हे खरं. सोवळेकरी घरी जाऊन आंघोळ करीत, पण प्रवास करीतच. मात्र फलाटावर उतरलं की जुनं जग जागच्या जागी असे. पाणीवालेसुद्धा ‘हिंदू पाणी’, ‘मुसलमान पाणी’ असे वेगळे. १९०१ मध्ये लहानगे भीमराव आंबेडकर भावंडांबरोबर वडिलांना भेटायला कोरेगावला निघाले आणि मसूर स्टेशनावर उतरले. ही मुलं महाराची आहेत म्हटल्यावर स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. एकही गाडीवाला त्यांना बैलगाडीत घेईना. शेवटी दुप्पट भाडं घेऊन एकजण तयार झाला तो या अटीवर, की गाडी मुलांनी हाकायची आणि आपण बाजूने चालायचं. बाबासाहेबांनी हे स्वतः लिहून ठेवलं आहे. आगगाडीने जिथवर आणलं तिथवर ती मुलं उतारू होती. पुढे १९२७ साली हेच बाबासाहेब बदलापूरला शिवजयंतीच्या उत्सवाचे अध्यक्ष म्हणून आले, आणि ते आले एका शास्त्रीबुवांच्या पुढाकाराने. हा बदल रुळांनी घडवला असं मी म्हणणार नाही. पण मुंबईच्या परळ-दामोदर हॉलमध्ये जे बोललं जाई ते काही तासांत बदलापूरला पोचण्याची सोय झाली होती, एवढं नक्की.

अंबरनाथचं नशीब उघडलं ते काडीपेटीने. १९२३ साली स्वीडिश मॅच कंपनीने वेस्टर्न इंडिया मॅच कंपनी काढली आणि विमकोचा कारखाना इथे उभा राहिला. त्याच सुमाराला धरमसी मोरारजींचा रासायनिक कारखानाही आला. गंधकाम्ल आणि खतं तिथे होत. कारखानदार इथे का आले? जमीन स्वस्त, पाणी जवळ, आणि रूळ दाराशी. मुंबई बंदरात उतरलेला माल वाघिणीतून थेट कारखान्यापर्यंत यायचा. याच दशकात तारा आल्या. ३ फेब्रुवारी १९२५ ला बोरीबंदर-कुर्ला विजेची गाडी धावली आणि दशक संपायच्या आत पुण्यापर्यंतचा मार्ग विजेवर गेला, त्यासाठी ठाकुर्लीला कंपनीने स्वतःचं पॉवर हाऊस बांधलं. पुढे दारूगोळ्याचा कारखाना, १९५३ मध्ये मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी, साठच्या दशकात एमआयडीसी. दहा-वीस जिल्ह्यांतली माणसं अंबरनाथला आली. साताऱ्याचा, रत्नागिरीचा, खानदेशचा कामगार, केरळातले नि तमिळनाडूतले टर्नर-फिटर एकाच चाळीत राहू लागले. विमको बंद पडून काळ लोटला, विमको नाका आहे. सिग्नलच्या केबिनवरून बी-केबिन रोड आहे. गावातल्या रस्त्यांना देवदेवता, पुढारी यांच्याआधी रेल्वेने नावं दिली.

आता उल्हासनगर. ही हकीकत जरा थांबून सांगायला हवी, कारण असं शहर महाराष्ट्रात दुसरं नाही.

दुसऱ्या महायुद्धात सरकारला फौज ठेवायला जागा हवी होती. बंदराच्या जवळ, पण बंदराला खेटून नको. आणि देशभर कुठेही सैन्य पाठवता येईल असं जंक्शन हाताशी हवं. कल्याणच्या पलीकडचं माळरान या हिशेबात चपखल बसलं. कल्याण मिलिटरी ट्रान्झिट कॅम्प तिथे उभा राहिला. लांबच लांब बराकी, उतरतं छप्पर, आत भिंतीविना दालनं. युद्ध संपलं, फौज गेली, बराकी ओस पडल्या. आणि १९४७ साली फाळणी झाली.

सिंधमधून निघालेले हिंदू बहुतेक कराचीहून बोटीने मुंबईला उतरले. बंदरावर इतक्या माणसांना ठेवायचं कुठे? गाडीत बसवून कल्याणच्या छावण्यांकडे. लाखभराच्या आसपास माणसं या बराकींत आली. हैदराबाद-सिंध, शिकारपूर, लाडकाणा इथले व्यापारी, सावकार, मास्तर, अंमलदार. ज्यांच्या हवेल्यांना वाऱ्यासाठी छपरावर बादगीर असत त्यांच्या वाट्याला बराकीचा एक तुकडा आला, आणि शेजाऱ्याच्या तुकड्यापासून तो वेगळा करायला गोणपाटाचा नाहीतर चादरीचा पडदा. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारी यांच्या हस्ते कोनशिला बसली आणि छावणीचं नाव नदीवरून उल्हासनगर झालं. कॅम्प नंबर एक ते पाच मात्र तसेच राहिले. आजही पत्ता कॅम्प, सेक्शन आणि बराक नंबर असा लिहितात. टपालवाल्याला रस्त्याचं नाव विचाराल तर तो तुमच्याकडे बघत राहील.

या माणसांना शेती येत नव्हती आणि सरकारी रेशनवर किती दिवस काढायचे? त्यांना येत होता तो धंदा, आणि धंद्याला बाजार लागतो. बाजार मुंबईत, मधे पन्नास-साठ किलोमीटर. म्हणून त्यांनी बाजार गाडीतच मांडला. बायका घरी पापड लाटत, गोळ्या-बिस्किटं पुड्यांत भरत. पुरुष आणि शाळकरी मुलं सकाळच्या गाडीत चढून डब्याडब्यांतून ते विकत. कंगवे, सुयादोरे, पेनं, बटणं. तिकीटतपासनीस आला की पुढच्या स्टेशनावर डबा बदलायचा. चर्नी रोड, दादर, मस्जिदच्या घाऊक पेठेतून माल उचलायचा, रात्री बराकीत त्याची मोडतोड करून नवा माल बनवायचा, सकाळी पुन्हा गाडी. दहा-पंधरा वर्षांत पुड्यांच्या जागी लहान कारखाने आले. पुढे ‘मेड इन यूएसए’ म्हणजे उल्हासनगर सिंधी असोसिएशन हा विनोद झाला, आणि तो सगळ्यात मजेने सिंध्यांनीच सांगितला. गजानन मार्केटमधलं कापड, जपानी बाजार, फर्निचरच्या रांगा, नंतर जीन्सचे कारखाने: ठाणे-मुंबईतल्या मराठी घरांत लग्नाचा बस्ता बांधायचा म्हटलं की ‘एकदा उल्हासनगरला बघून येऊ’ असं निघायचंच. लोकलच्या मालडब्यात या शहराची गाठोडी कित्येक वर्षं हलताना दिसतात.

आणि खाणं. दाल-पकवान हा सिंधी पदार्थ कल्याणच्या पुढच्या मराठी माणसाला परका नाही. श्रावणाच्या सुमाराला झुलेलालच्या चालिहोचे चाळीस दिवस सुरू झाले की शेजारच्या मराठी घरातही प्रसाद येतो. गंमत अशी की जे सिंधी सिंधू सोडून आले त्यांचं दैवत नदीचं, आणि त्यांना मिळालेल्या नवीन शहराचं नावही नदीचं. पण त्या शहरातून वाहते ती वालधुनी, आणि तिचं आता गटार झालं आहे. अंबरनाथची रसायनं, उल्हासनगरचे जीन्स धुण्याचे कारखाने, सगळ्यांचं सांडपाणी तिच्यात येत गेलं. २०१४ च्या नोव्हेंबरात एका टँकरमधलं रसायन रात्री नदीत सोडलं गेलं, वायू पसरला आणि शेकडो माणसांना श्वास घ्यायला त्रास होऊन दवाखान्यात न्यावं लागलं. देवळामागून वाहणारी ती हीच नदी.

शहर म्हणून बदलापूर हे या तिघांतलं धाकटं. १८ जानेवारी १९८२ ला मुंबईचे गिरणी कामगार दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संपावर गेले, आणि तो संप कधी संपलाच नाही. गिरण्या बंद पडत गेल्या. गिरणगावातली दहा बाय बाराची खोली विकून जो पैसा आला त्यात दादरला काय, ठाण्यालाही घर मिळेना. माणसं मध्य रेल्वेच्या स्टेशनांची यादी खाली खाली वाचत गेली. डोंबिवली भरलं, कल्याण महागलं, अंबरनाथ भरलं, मग बदलापूर. मुंबईपासून अडुसष्ट किलोमीटर. २००१ च्या जनगणनेत सुमारे अठ्ठ्याण्णव हजार वस्ती होती, २०११ मध्ये पावणेदोन लाख झाली. कात्रप, बेलवली, मांजर्ली, खरवई ही भाताची गावं आता इमारतींच्या कॉम्प्लेक्सची नावं आहेत. लालबाग-परळचे गणपती, दशावताराचे प्रयोग, भजनी मंडळं, मालवणी मसाल्याच्या गिरण्या, सगळं त्यांच्याबरोबर आलं. मराठी माणूस मुंबईबाहेर गेला अशी हळहळ आपण नेहमी ऐकतो. तो गेला, पण रोज सकाळी परत येतो. दीड तास जायला, दीड तास यायला.

या दीड तासांत एक संसार उभा राहिला आहे. ठरलेल्या गाडीचा ठरलेला डबा, डब्यात ठरलेला ग्रुप. ग्रुपमधला एखादा दोन दिवस दिसला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी फोन जातो. भजनाच्या डब्यात टाळ असतात आणि पत्र्यावर बोटांनी ठेका असतो. शीवला सुरू झालेला अभंग मुंब्र्याला टिपेला पोचतो. दसऱ्याला डबा झेंडूच्या माळांनी सजतो, मोटरमनला पेढा जातो. बायकांच्या डब्यात परतीच्या वाटेवर मटार सोलून होतात, मेथी निवडून होते, हळदीकुंकू होतं, एखादीचं डोहाळजेवणही होतं. १९९२ च्या जुलैत मध्य रेल्वेने कल्याणपर्यंत महिला विशेष गाडी सुरू केली. या पट्ट्यातल्या पहिल्या पिढीच्या नोकरदार बाईला माहेर-सासरापलीकडची पहिली मैत्रीण बहुतेक या डब्यात भेटली, असं मला वाटतं. यावर कुणीतरी नीट लिहायला हवं.

आणि भांडणंही याच डब्यांत. बदलापूरला गाडी रिकामी यावी तर ती भरलेली येते, कारण अंबरनाथ-उल्हासनगरची माणसं आधीच्या डाऊन गाडीने उलटी बदलापूरला येऊन बसलेली असतात. याला रिटर्न म्हणतात. त्यावरून शिवीगाळ, धक्काबुक्की. मग कर्जतची गाडी आली की बदलापूरकरांना त्यात पाय ठेवू न देणारे कर्जत-नेरळवाले. चौथ्या सीटवर अर्धी मांडी टेकायला मिळणं हीसुद्धा कमाई. दाराशी लोंबकळणाऱ्यांना तेवढंही नाही. ९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर समोरासमोरून जाणाऱ्या दोन लोकलमधले दाराला लटकलेले प्रवासी रुळांवर पडले आणि काहींचा जीव गेला. नव्या गाड्यांना आपोआप बंद होणारी दारं लावण्याची घोषणा लगेच झाली. दार बंद झाल्यावर बाहेर राहिलेल्यांचं काय, हे बदलापूरच्या फलाटावर उभं राहिल्याशिवाय सुचत नाही.

ज्या गावाला ग्रामदैवताचा पार नाही, पेठ नाही, जुना चौक नाही, त्याने जमायचं कुठे? स्टेशनात. २०२२ च्या ऑगस्टमध्ये साध्या लोकलच्या जागी एसी लोकल आणली तेव्हा बदलापूरकर स्टेशनमास्तरच्या दारात बसले. काही दिवसांत रेल्वेने त्या वाढवलेल्या दहा फेऱ्या मागे घेतल्या. २० ऑगस्ट २०२४ चा प्रसंग याहून कितीतरी गंभीर. शाळेत दोन चिमुरड्या मुलींवर अत्याचार झाला आणि तक्रार नोंदवायला दिरंगाई झाली, म्हणून संतापलेली माणसं सकाळीच रुळांवर उतरली. दहाएक तास गाडी हलली नाही. मोर्चा कचेरीवर नेण्याऐवजी तो रुळांवर का गेला याचं उत्तर सोपं आहे. इथल्या माणसाकडे मुंबईला ऐकू जाईल असा आवाज एकच आहे, गाडी थांबल्याचा.

गाडी नदीनेही थांबवली. २६ जुलै २००५ ला उल्हास नदीने बदलापूर-कल्याण पट्टा बुडवला ते सगळ्यांना आठवतं. २०१९ सालच्या २६ जुलैच्या रात्री मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्सप्रेस बदलापूर सोडून वांगणीच्या अलीकडे पोचली आणि चहूबाजूंनी पाण्यात सापडली. बर्कलीच्या माणसांनी चढ टाळण्यासाठी धरलेला नदीकाठ तो हाच. हजारावर उतारू रात्रभर डब्यांत अडकले. उजाडल्यावर पाहतात तो रूळ दिसेनात, पायदानापर्यंत गढूळ पाणी, प्यायला मात्र थेंब नाही. जवळच्या चामटोलीची गावकरी मंडळी आधी पुढे आली, मग एनडीआरएफच्या बोटी, नौदलाचे पाणबुडे, आकाशात हेलिकॉप्टर. त्या डब्यांत काही गरोदर बायकाही होत्या. दुपारपर्यंत सगळे सुखरूप बाहेर आले आणि कल्याणहून दुसऱ्या गाडीने कोल्हापूरला गेले. एकही माणूस दगावला नाही, याचं श्रेय चामटोलीला जितकं द्यावं तितकं थोडं.

त्याच वांगणी-बदलापूरच्या पट्ट्यातून जूनमध्ये आदिवासी बायका पहाटेच्या गाडीने जांभळं, करवंदं, रानभाज्यांच्या पाट्या घेऊन येतात. बदलापूरच्या जांभळाला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. ते पाटीवालीच्या भावात अजून दिसत नाही. रानातलं सरपण ज्या फलाटावरून मुंबईला गेलं त्याच्याच जिन्याखाली ती पळसाच्या पानांवर जांभळाचे वाटे लावून बसते, आणि सात-एकोणीस गाठायला पळणारी बाई पळता पळता दहा रुपयांचा एक वाटा पिशवीत टाकते.

सध्या कल्याण ते बदलापूर तिसरा आणि चौथा रूळ टाकण्याचं काम चाललं आहे. अंबरनाथ आणि बदलापूर यांच्या मधे चिखलोली नावाचं नवीन स्टेशन मंजूर झालं आहे. फलाट व्हायचा आहे, जिना व्हायचा आहे, पाटी लागायची आहे. आजूबाजूच्या इमारतींच्या जाहिरातींवर मात्र ‘चिखलोली स्टेशनपासून पाच मिनिटं’ असं कधीच छापून झालं आहे, आणि लोक फ्लॅट बुक करत आहेत.